मुद्रांकाचा बडगा कोणावर?

११ डिसेंबर १८५३ रोजी नागपूरचे तिसरे रघूजी भोसले औरस पुत्र न ठेवता निवर्तले. पुढच्याच वर्षी लॉर्ड डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारून राज्य खालसा केले. राजवाड्यातील हत्ती, घोडे, गुरेढोरे लिलावात निघाली आणि जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास गेले. या अन्यायाची हकीकत नागपूरकरांस पाठ आहे. परंतु त्याच राजवटीने रयतेच्या देण्याघेण्यावर, वाटण्यांवर आणि फिर्यादींवर जो कर बसविला, त्याची आठवण क्वचितच निघते. राजाच्या मालमत्तेचा लिलाव एकदाच झाला. रयतेकडून होणारी मुद्रांकाची वसुली मात्र अद्याप थांबलेली नाही.

बंगालमध्ये १७९७ पासून सुरू झालेल्या या कराला १८७० च्या कोर्ट फी कायद्याने आणि १८९९ च्या मुद्रांक कायद्याने पक्के रूप दिले. या कराची गोम अशी, की तो संपत्तीवर नसून गरजेवर आहे. ज्याला कर्ज हवे त्याने रोख्याचा कागद विकत घ्यायचा आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याने न्याय मागण्याआधी सरकारात पैसे भरायचे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले, तेव्हा त्यांचा रोख माणसांवर नव्हता, कर्जरोख्यांवर होता. रोखे हाती लागताच त्यांनी त्यांची होळी केली. सरकारी शिक्क्याचा कागद कोणाच्या बाजूने बोलतो, हे त्या निरक्षर माणसांना नेमके कळले होते.

शुल्क चुकविणाऱ्यास या कायद्यांनी कोणती शिक्षा ठरविली, हे पाहिले म्हणजे त्यांचे वर्गस्वरूप अधिक स्पष्ट होते. १८९९ च्या कायद्याच्या ३५ व्या कलमानुसार पुरेसा मुद्रांक नसलेला दस्त पुराव्यात घेता येत नाही. घ्यायचाच असेल तर अपुरे शुल्क आणि त्याच्या दहा पट दंड न्यायालयात भरावा लागतो. शुल्क अज्ञानाने चुकले की लबाडीने, याचा विचार त्या टप्प्यावर न्यायाधीशाला करताच येत नाही. वचनचिठ्ठीची गत तर याहून वाईट. तिच्यावर योग्य मुद्रांक नसेल तर दंड भरण्याचीही सोय नाही. तो कागद पुरावा म्हणून कायमचा बाद. एखाद्या विधवेने गाठीचे पैसे शेजाऱ्याला साध्या चिठ्ठीवर उसने दिले, तर बुडविणाऱ्याचे साहाय्य खुद्द कायदाच करतो.

आता याच राजवटीचा दुसरा नियम पाहा. मृत्युपत्राचे प्रोबेट घेताना मालमत्तेची किंमत कमी दाखवून शुल्क वाचविले, तर १८७० च्या कायद्यात पुढे जोडलेल्या १९ ई कलमाने पाच पट आणि वर्ष उलटल्यावर वीस पट दंड सांगितला. कागदावर ही शिक्षा अधिक कडक दिसते. पण तेथेच एक सवलतही ठेवली आहे. खरी किंमत कळल्यापासून सहा महिन्यांच्या आत वारसदाराने फरक भरला आणि चूक प्रामाणिक होती असे अधिकाऱ्याला पटले, तर दंड माफ होऊ शकतो. म्हणजे प्रामाणिक चूक नावाची गोष्ट असते, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. इस्टेटीच्या वारसाला त्यांनी ती समज दाखविली. न्यायालयात उभ्या राहिलेल्या रोख्याच्या धन्याला दाखविली नाही.

त्यातही हिंदूंच्या मृत्युपत्रांना प्रोबेटची सक्ती होती ती प्रामुख्याने बंगालमध्ये आणि मुंबई व मद्रास या शहरांत. मध्य प्रांतातील नागपूरला ती लागू नव्हती. शिवाय एकत्र कुटुंबाची मालमत्ता बापाच्या पश्चात मुलांकडे आपोआप जात असल्यामुळे मालगुजाराच्या घरी पिढी बदलली तरी सरकारला शुल्क पोचत नसे. त्याच मालगुजाराने जमिनीवरून हुसकावलेल्या कुळाला मात्र दिवाणी दावा लावायचा तर कोर्ट फीपासून सुरुवात करावी लागे. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्याच काँग्रेस अधिवेशनाने असहकाराच्या कार्यक्रमावर शिक्कामोर्तब केले. सरकारी न्यायालयांवरील बहिष्कार हा त्या कार्यक्रमाचा भाग होता, तो उगाच नव्हे.

स्वातंत्र्यानंतर हा तोल बदलण्याचा एक प्रयत्न अवश्य झाला. १९५३ मध्ये इस्टेट ड्यूटीचा, म्हणजेच मृत्युकराचा, कायदा आला. मोठ्या वारशावर चढत्या दराने कर बसला आणि पुढे सर्वांत वरच्या टप्प्यावर तो ८५ टक्क्यांपर्यंत गेला. जन्माच्या योगायोगाने मिळालेल्या संपत्तीत समाजाचा वाटा आहे, हे तत्त्व कायद्याने प्रथमच मान्य केले. परंतु १९८५ च्या अंदाजपत्रकात विश्वनाथ प्रताप सिंह यांनी हा कर रद्द केला. उत्पन्न जेमतेम वीस कोटींचे आणि वसुलीचा खर्च मोठा, हे त्यांनी दिलेले कारण. १९९८ मध्ये देणगी कर गेला, २०१५ मध्ये संपत्ती कर गेला. २०२५ मध्ये संसदेने प्रोबेटची सक्तीही काढून टाकली. कटकट कमी झाली हे चांगलेच. पण मोठ्या वारशाला सरकारदारी थांबावे लागण्याचे एक ठिकाणही त्याबरोबर संपले.

मग राहिले काय? मुद्रांक राहिला आणि कोर्ट फी राहिली. १९५८ आणि १९५९ च्या कायद्यांनी विदर्भासह सर्व राज्यासाठी ही शुल्के नव्याने मांडली, पण तत्त्व जुनेच ठेवले. प्रोबेटच्या शुल्काला राज्याच्या कायद्याने ७५,००० रुपयांची कमाल मर्यादा घातली. म्हणजे एक कोटीची इस्टेट आणि शंभर कोटींची इस्टेट यांना शुल्क एकच. गरिबाच्या कागदाचे किमान शुल्क मात्र वाढत जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभर व दोनशे रुपयांच्या मुद्रांकाच्या जागी पाचशेचा मुद्रांक आला. सरकारी कार्यालयांत द्यावयाच्या प्रतिज्ञापत्रांना २००४ पासून माफी असतानाही ती २०२५ मध्ये पुन्हा जाहीर करावी लागली. मधल्या काळात दाखल्यासाठी आलेल्या किती शेतमजुरांनी हा भुर्दंड सोसला असेल, याचा हिशेब कोण देणार?

राज्याच्या कायद्यात अपुऱ्या शुल्कावर दरमहा दोन टक्के दंड चढतो आणि तो चौपटीपर्यंत जातो. डिसेंबर २०२३ पासून राबविलेल्या अभय योजनेत १९८० ते २००० या काळातील लहान रकमांना पूर्ण माफी मिळाली, ही गोष्ट न्यायाची झाली. परंतु त्याच योजनेत २००१ नंतरच्या दस्तांवर पंचवीस कोटींहून अधिक शुल्क थकविणाऱ्यांना शुल्कातही सूट मिळाली आणि त्यांचा दंड एक कोटीवर थांबविण्यात आला. एवढे शुल्क ज्यांच्या दस्तांवर पडते, त्यांच्या दिमतीला वकील आणि सनदी लेखापाल असतात. त्यांची चूक अज्ञानाची कशी मानावी?

कर चुकविणाऱ्यास दंड नको, असे आमचे म्हणणे नाही. राज्याला महसूल लागतो आणि मुद्रांक हा त्याचा मोठा स्रोत आहे, हेही खरे. प्रश्न आहे तो भार कोणी वाहावा याचा. मृत्युकराचे उत्पन्न थोडे होते, हा युक्तिवाद तपासून पाहिला तर सरकारवरच उलटतो. ज्या देशात कोट्यवधींच्या इस्टेटी एका पिढीकडून दुसरीकडे जातात, तेथे वीस कोटीच हाती येत असतील तर कायद्याच्या पळवाटा बुजवायच्या, की कायदाच मोडीत काढायचा? कमी वसुलीच्या सबबीवर गरिबाचे मुद्रांक शुल्क कोणी रद्द केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

म्हणून आमच्या मागण्या तीन. लहान रकमेचे दावे आणि वारसाचे दाखले यांवरील शुल्क पूर्णपणे रद्द करावे. दंड आकारताना अज्ञान व लबाडी यांत कायद्यानेच फरक करावा आणि वचनचिठ्ठीलाही दुरुस्तीची संधी द्यावी. आणि सामान्य माणसाचे घर व शेत वगळून, मोठ्या वारशावर चढत्या दराचा मृत्युकर पुन्हा आणावा. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत या कराचा नुसता उच्चार होताच केवढे काहूर माजविण्यात आले! गरिबाची चीजवस्तू हिरावली जाणार, अशी भीती ज्यांनी घातली ते कोणाच्या तिजोरीची राखण करीत होते, हे लोकांना समजावून सांगणे आपले काम आहे. तहसील कचेरीबाहेर अर्जनवीसासमोर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला कोणता कागद फुकट मिळतो, हे सांगण्यापासून कार्यकर्त्यांनी या कामाची सुरुवात करावी.