साहेब बोलत नाहीत, की बोलू शकत नाहीत? सरकारी कर्मचारी, पत्रकार आणि भोर-वेल्ह्यातले आपण

राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने 28 जुलै 2025 रोजी शासन निर्णय काढून सरकारी कर्मचाऱ्यांनी समाजमाध्यमे कशी वापरावीत याचे नियम घालून दिले. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, गोपनीय कागद टाकू नका, सरकारच्या धोरणावर प्रतिकूल टीका करू नका, असे त्यात सांगितले आहे. मंत्रालयापुरता हा निर्णय नाही. स्थानिक स्वराज्य संस्था, महामंडळे, इतकेच काय कंत्राटी कर्मचारीही त्यात येतात. उल्लंघन झाले तर शिस्तभंगाची कारवाई आहे.

तालुक्याच्या गावी अशा निर्णयाचा सोपा अर्थ लावला जातो: पत्रकार दिसला की गप्प बसायचे. भोर असो की वेल्हे (ज्याचे नाव आता राजगड झाले आहे), बातमीदाराला मिळणारी उत्तरे ठरलेली असतात. "साहेब मीटिंगला गेलेत." "वरून परवानगी नाही." आणि शेवटी दबक्या आवाजात, "सांगतो, पण माझे नाव टाकू नका."

हा प्रश्न आपल्या दारातला आहे. आपल्या समाजातले शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस शिपाई, आरोग्यसेविका यांतले अनेक जण घरातली पहिली किंवा दुसरी नोकरदार पिढी आहेत. त्यांची नोकरी गेली तर सारे घर खाली बसते. दुसरीकडे मोबाइल हातात घेऊन बातमी करणारे, यूट्यूब चॅनेल चालवणारे, अर्ज-निवेदने घेऊन प्रांत कचेरीत जाणारेही आपलेच तरुण आहेत. म्हणून कर्मचाऱ्याने काय बोलावे आणि आपण त्याला काय विचारावे, हे दोन्ही बाजूंना नीट माहीत हवे.

नियम नेमका काय अडवतो?

राज्य कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू आहेत. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी 1967 चे वेगळे वर्तणूक नियम आहेत. दोन्हींचा गाभा सारखाच आहे. परवानगीशिवाय वर्तमानपत्र चालवू नये, सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करू नये, अधिकार नसताना सरकारी कागद बाहेर देऊ नयेत. पण कर्तव्याचा भाग म्हणून बोलणे नियमात बसते. निव्वळ साहित्यिक, कलात्मक किंवा शास्त्रीय लेखनालाही जागा आहे.

म्हणजे नियम अडवतो तो कर्मचाऱ्याच्या मताला. लोकांच्या हक्काची माहिती अडवायला तो केलेला नाही. "ही योजना फसवी आहे" असे ग्रामसेवक जाहीरपणे म्हणाला तर तो अडचणीत येईल. "या योजनेत आपल्या गावातून इतके अर्ज आले, इतके मंजूर झाले, इतके या कारणाने परत गेले" हे सांगणे ही टीका नव्हे. माहिती अधिकार कायदा, 2005 चे कलम 4 तर सांगते की कार्यालयाने आपले निर्णय, लाभार्थ्यांचे तपशील, खर्चाचे आकडे कोणी मागण्याआधी स्वतःहून जाहीर करावेत, आणि ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांना त्याची कारणे द्यावीत. जी गोष्ट फलकावर लावायची आहे, ती पत्रकाराला सांगितल्याने गुन्हा होत नाही.

नोकरी धरली म्हणून मूलभूत हक्क संपत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1962 सालीच कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सांगितले आहे. हक्कांवर मर्यादा येतात. पण मर्यादा म्हणजे तोंडाला कुलूप नव्हे.

गप्प राहण्याची किंमत: पानशेत

वेल्हे तालुक्याला हे कोणी वेगळे सांगायची गरज नाही. आंबी नदीवरचे पानशेत धरण याच तालुक्यातले. 12 जुलै 1961 च्या सकाळी ते फुटले, पाठोपाठ खडकवासलाही फुटले आणि पुणे शहराचा नदीकाठ पाण्याखाली गेला. धरणाचे काम अपुरे होते. ते धोक्यात असल्याचे अभियंत्यांना आधीच दिसले होते, सैनिक रात्रभर वाळूची पोती रचत होते. म्हणजे माहिती सरकारकडे होती. वेळेवर स्पष्ट इशारा मिळाला नाही, ही तक्रार मात्र जुने पुणेकर आजही करतात.

आज भाटघर आणि नीरा देवघर भोरमध्ये आहेत. पानशेत, वरसगाव आणि गुंजवणी वेल्ह्यात. पावसाळ्यात विसर्ग किती, कोणता रस्ता बंद, कोणत्या डोंगरउतारावरची वस्ती हलवायची, ही माहिती शाखा अभियंत्याकडे आणि तलाठ्याकडे सर्वांत आधी येते. "घबराट होईल" म्हणून ती दाबली की अफवांना मोकळे रान मिळते. आणि नदीकाठच्या, उतारावरच्या वस्त्या कोणाच्या असतात हे आपल्याला ठाऊक आहे. जिवाशी संबंधित माहिती 48 तासांत देण्याचे बंधन माहिती अधिकार कायद्यात आहे. पण पुराच्या वेळी अर्जाची वाट पाहणे कामाचे नाही. तिथे बोलणे हेच कर्तव्य.

नको तिथे बोलणे

आता दुसरी बाजू. आपल्या समाजाला सरकारी मौनाने जितके छळले, तितकेच सरकारी बडबडीनेही छळले आहे.

29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सुरुवातीच्या बातम्यांत सूर होता अनैतिक संबंधांचा आणि गावच्या भांडणाचा. हे जातीय हत्याकांड आहे, हे राज्यभर पोहोचायला आंदोलने उभी राहावी लागली. अत्याचाराच्या घटनेनंतर पहिल्या काही तासांत एखादा अधिकारी "किरकोळ वाद" म्हणतो, बातमीदार तेच छापतो, आणि मग ते दोन शब्द पुसायला पीडित कुटुंबाची वर्षे जातात. अॅट्रॉसिटी कायद्याखाली तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. तपास सुरू व्हायच्या आत कारण जाहीर करण्याचा अधिकार कोणालाच नाही, ठाणे अंमलदाराला तर नाहीच.

पुणे जिल्ह्याचा अनुभव याहून ताजा आहे. 1 जानेवारी 2018 च्या भीमा कोरेगाव हिंसाचारानंतर एल्गार परिषद प्रकरणात कार्यकर्त्यांना अटक झाली. 31 ऑगस्ट 2018 रोजी पोलिसांनी मुंबईत पत्रकार परिषद घेऊन आरोपींची म्हटली जाणारी पत्रे वाचून दाखवली. प्रकरण न्यायालयात असताना पोलीस असे कसे करू शकतात, असा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाने काही दिवसांतच विचारला. सर्वोच्च न्यायालयात विशेष तपास पथकाची मागणी 28 सप्टेंबर 2018 रोजी दोन विरुद्ध एक मतांनी फेटाळली गेली. पण न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या भिन्नमत निकालपत्रात पोलिसांच्या या माध्यमबाजीवर कडक ताशेरे ओढले. पुढे 13 सप्टेंबर 2023 रोजी, ते सरन्यायाधीश असताना, त्यांच्याच खंडपीठाने पोलिसांनी माध्यमांना माहिती कशी द्यावी याची नियमावली तयार करण्याचे आदेश केंद्रीय गृह मंत्रालयाला दिले.

एकीकडे रेशनच्या धान्याचा आकडा सांगायला कारकून घाबरतो. दुसरीकडे आरोप सिद्ध होण्याआधी वरिष्ठ अधिकारी कॅमेऱ्यासमोर माणसांना दोषी ठरवतात. वर्तणूक नियमांचा बडगा बहुतेक वेळा पहिल्यावरच उगारला जातो. खरी चिंता इथे आहे.

मग करायचे काय?

नोकरीत असलेल्या बंधू-भगिनींनी आधी आपल्या कार्यालयात माध्यमांशी बोलायला अधिकृत कोण आहे हे विचारून ठेवावे, शक्य तर लेखी. पत्रकाराला टाळू नये, त्या अधिकाऱ्याकडे पाठवावे. स्वतः बोलायची वेळ आली तर नोंदीत आहे तेवढेच सांगावे. अंदाज, कारणमीमांसा आणि स्वतःचे मत बाजूला ठेवावे. माहीत नसेल तर "माहीत नाही, उद्या सांगतो" म्हणावे आणि उद्या खरेच सांगावे. लैंगिक अत्याचारातील पीडितेचे नाव, गाव, नातेवाईक यांतले काहीही बाहेर जाऊ देऊ नये. भारतीय न्याय संहितेचे कलम 72 आणि मुलांच्या बाबतीत पॉक्सोचे कलम 23 त्यासाठीच आहे. कार्यालयात गैरव्यवहार दिसला तर व्हॉट्सअॅपवर कागद फिरवण्याआधी लेखी तक्रार वरिष्ठांकडे किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे द्यावी आणि पोच जपून ठेवावी. तीच पोच पुढे ढाल होते.

बातमी करणाऱ्या आणि चळवळीतल्या तरुणांनी खालच्या कर्मचाऱ्याला कॅमेऱ्यासमोर कोंडीत पकडू नये. तलाठ्याच्या तोंडून सरकारविरोधी वाक्य काढून व्हिडिओ चालतो, पण निलंबन त्याचे होते, धोरण तसेच राहते. प्रश्न तहसीलदाराला, गटविकास अधिकाऱ्याला, प्रांताधिकाऱ्याला लेखी द्या आणि उत्तर आले नाही तर तेच बातमीत लिहा. भोर आणि वेल्हे यांचा उपविभाग एकच आहे. अॅट्रॉसिटी नियमांप्रमाणे उपविभागीय दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. शेवटची बैठक कधी झाली, किती प्रकरणे समोर आली, किती जणांना अर्थसाहाय्य मिळाले, हे माहिती अधिकारात मागा. कोणाचीही नोकरी धोक्यात न घालता यातून मोठी बातमी निघते. आणि ज्याने नाव न छापण्याच्या बोलीवर माहिती दिली, त्याचे नाव कोणत्याही दबावाखाली उघड करू नका.

नोकरी आणि लेखणी यांतला हा पेच नवा नाही. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला तेव्हा बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात, म्हणजे सरकारी नोकरीत, प्राध्यापक होते. संपादक म्हणून नाव होते पांडुरंग नंदराम भटकर यांचे. बाबासाहेबांनी नोकरीची मर्यादा ओळखली, पण मुक्यांचा आवाज थांबवला नाही. त्यासाठी दुसरा खांदा उभा केला. आजही काम असेच वाटून घ्यावे लागेल. नोकरीतल्यांनी नोंदी खऱ्या आणि पूर्ण ठेवाव्यात, बाहेरच्यांनी त्या कायद्याने मागून लोकांसमोर आणाव्यात.

भोर-वेल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी सुरुवात दक्षता समितीच्या त्या एका अर्जापासून करावी. शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस.

जय भीम!