शीट लावली, पण बॅट ठोकली का?

ईदीचे पैसे साठवून मुलगा बॅट घेतो, अन् दुकानदार फळीवर पारदर्शक शीट चिकटवून देतो. जळोचीत टेनिस बॉलनेच खेळायचे असेल तर हा खर्च कशाला? सीझन बॉलला मात्र ती उपयोगी. ओल अडते, बारीक चीर लवकर पसरत नाही. पण लाकूड काही तिने कठीण होत नाही. लाकडी हातोडीने काही तास ठोकणे चुकत नाही. जवसाचे तेल शीटच्या आधी, तेही अगदी थोडे. पूर्ण मुरू द्या, नाहीतर शीट धरत नाही. जाडी नियमाप्रमाणे १ मिलिमीटरपर्यंतच चालते. २००६ मध्ये रिकी पाँटिंगच्या ग्रॅफाइट पट्टीच्या बॅटवर एमसीसीने आक्षेप घेतला, अन् कंपनीने ती मागे घेतली! जुनी शीट हेअर ड्रायरने कोमट करून हळू सोडवा. हिसका दिला तर लाकडाचा पापुद्राही निघतो.