सीलला डोळे आहेत म्हणून!

अमेरिकेत केप कॉडला बोटीतून सील पाहायला गेलो, तेव्हा "अय्या, किती गोड!" करीत अख्खी बोट एका अंगाला कलली. खोटं कशाला बोलू, मीही कललो. पण किनाऱ्यालगतच्या खाजणात मैलच्या मैल उभ्या असलेल्या स्पार्टिना गवताकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. हा शुद्ध पक्षपात आहे!

सील करतो काय? मासे खातो आणि वाळूत लोळतो. हे मीही सुटीच्या दिवशी करतो; माझे फोटो कुणी काढत नाही. ते गवत बिचारं दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्यात उभं राहतं, अंगात शिरलेलं जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतं, मुळांनी चिखल धरून ठेवतं आणि लाटांचा जोर मोडतं. राबायचं गवतानं, लाड सीलचे! उद्या वादळात लाटा घरावर आल्या, तर आडवा कोण येणार? सील?

बरं, हे प्रेम तरी किती जुनं? मासे पळवतो म्हणून याच मॅसॅच्युसेट्समध्ये सील मारणाऱ्याला १९६२ पर्यंत सरकारी इनाम मिळत होतं. १९७२ साली संरक्षणाचा कायदा झाला. झाला ते उत्तमच. पण सीलचे डोळे इनामाच्या काळातही इतकेच पाणीदार होते की! बदलली ती आपली नजर. मग ती आणखी चार हात बाजूला, चिखलाकडे वळवायला काय पैसे पडतात?