गाणाऱ्याला घरी बोलवा

गेल्या तीन वर्षांपासून आमच्या घरी दर दोन-तीन महिन्यांनी गाण्याची बैठक होते. घर नागपुरातलं, साधंच. पुढच्या खोलीतला दिवाण आणि टीव्हीचं टेबल हलवलं की सतरंजीवर तीस-पस्तीस माणसं बसतात. स्टेज नाही, माईक नाही, बॅनर नाही. खंजिरीवर भजन म्हणणारे, भीमगीतं गाणारे, कव्वाल, खडी गंमत करणारे शाहीर असे बरेच जण येऊन गेले. शाळेतल्या सहकारी विचारतात, ‘मॅडम, तुम्ही लोककला वाचवून राहिल्या का?’ मी त्यांना सांगते, लोककला वाचवण्याइतकं माझं घर मोठं नाही. माझं म्हणणं छोटं आहे. जे गाणं मुळात घरातलं होतं, ते घरात बसून ऐकलं की गाणं वेगळं ऐकू येतं आणि गाणारा माणूसही वेगळा दिसतो.

आपल्याकडची लोकगाणी घराबाहेर फार उशिरा पडली. लग्नानंतर घरी गोंधळ घालायची रीत आजही आहे. गोंधळी संबळ आणि तुणतुणं घेऊन घरी येतात, घराच्याच अंगणात किंवा ओसरीवर देवीला आवाहन करतात. विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. एका घरची गाणी झाली की दुसऱ्या घरी जातात आणि डबा हलवून आत कोणता खाऊ आहे ते ओळखतात. आमच्याकडे लग्नाच्या आधी चार-पाच रात्री ढोलक वाजायची. हळदीची, मेंदीची, बिदाईची गाणी बाया घरातच म्हणायच्या. यातल्या कोणत्याच गाण्याला तिकीट नव्हतं, आणि गाणारी कोण, ऐकणारी कोण, हेही पक्कं ठरलेलं नव्हतं.

मंच वाईट, असं मला म्हणायचं नाही. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटकं चालतात, लोक तिकीट काढून बघतात. त्याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. शाहिरी तर मैदानातच वाढली. बार्शीचे अमर शेख, म्हणजे मूळचे मेहबूब हुसेन पटेल, यांचा आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये घुमला, तो काही चार भिंतींत मावणारा नव्हता. पण मंचावर सगळीच गाणी चढू शकत नाहीत. जी चढू शकत नाहीत ती हळूहळू कोणाच्या कानावरच पडेनाशी होतात. घरातली बैठक त्यांच्यासाठी आहे.

सुरुवातीला पहिला विरोध घरातूनच झाला. आमचे मामूजान म्हणाले, ‘घर में बाजा? नमाज पढ़ने की जगह पर?’ मी त्यांच्याशी वाद घातला नाही. संगीताबद्दल आपल्याकडे एकमत नाही, हे मलाही माहीत आहे. पण चिश्ती परंपरेत समाची मैफल मान्य आहे आणि तिच्यासाठी जुन्या सूफींनी तीन अटी सांगितल्या आहेत. हजरत जुनैद बगदादींच्या नावाने त्या सांगितल्या जातात आणि इमाम गझालींनीही त्या नोंदवल्या आहेत: जमान, मकान, इख्वान. म्हणजे वेळ योग्य हवी, जागा योग्य हवी आणि सोबती योग्य हवेत. मी मामूजानना म्हटलं, या तीन अटी पाळून बघू. वेळ मगरिबनंतर, इशाच्या आधी उठायचं. जागा घरातली. सोबती ओळखीचे. मामूजान अजूनही बैठकीला येत नाहीत. पण बैठकीच्या दिवशी संध्याकाळी फोन करून ‘चटाया पुरतात का’ एवढं विचारतात.

सगळ्यात मोठी चूक मात्र आमच्याच हातून झाली, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

दुसऱ्याच बैठकीला काटोलकडचे एक बुवा आले होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवरचं भजन विदर्भाच्या गावागावांत नेलं. त्या वळणाचं भजन हे बुवा लहानपणापासून म्हणतात. दिवसा दुसऱ्याच्या शेतात काम आणि गुरुवारी रात्री भजन. त्यांनी खंजिरी वर धरली, डोळे मिटले आणि पहिल्याच भजनाला खोली भरून गेली. आमचे नातेवाईक खूश झाले. ताजबागेतल्या उर्सात कव्वाली ऐकून वाढलेली ही माणसं. कव्वालीत एखादी ओळ काळजाला भिडली की उठायचं, गाणाऱ्यासमोर अदबीने नोट ठेवायची. हा नजराणा. न देणं म्हणजे दाद न देणं. तेव्हा आमचे एक चुलत दीर उठले आणि बुवांसमोर वीस रुपयांची नोट ठेवली. मागोमाग आणखी दोघं उठले.

बुवांनी चाल अर्ध्यावर सोडली. खंजिरी खाली ठेवली. माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, ‘बाई, आमी भजन म्हणाले आलो, मांगाले नाई.’

खोलीत कोणालाच काही सुचेना. आम्ही ज्याला मान समजत होतो, तो त्यांच्यासाठी अपमान होता. त्यांच्या भजनात पैसा समोर ठेवत नाहीत. फार तर शेवटी नारळ, दुपट्टा, कपाळाला बुक्का. बुवांनी चहा घेतला, कारण यजमानाचा चहा नाकारायचा नसतो, आणि निघून गेले. पुढच्या रविवारी मी आणि आमचे हे एसटीने त्यांच्या गावी गेलो, माफी मागितली, कव्वालीतला नजराणा म्हणजे काय ते सांगितलं. बुवा हसले. ‘तुमच्यात तो मान हाय, हे मले का मालूम?’ म्हणाले.

मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. ‘बैठकीत कोणीही पैसे ठेवू नयेत’ असा नियमच करून टाकला. पुढच्या वेळी कव्वाल आले. दीड तास गायले, लोक मन लावून ऐकत होते, पण कोणी जागचं हललं नाही. जाताना त्यांचे म्होरके हळूच म्हणाले, ‘बाजी, लोगों को पसंद नहीं आया क्या?’

तेव्हापासून एक गोष्ट ठरवून टाकली. गाणाऱ्याला बोलवायला जायचं तेव्हा गाण्याबद्दल नंतर बोलायचं, आधी त्यांच्या रीतीबद्दल विचारायचं. तुमच्याकडे मान कसा देतात? सुरुवात कशाने करता? काय चालत नाही? आणि मानधन त्याच वेळी सांगायचं, ‘समजून घ्या’ म्हणायचं नाही. येण्या-जाण्याचं भाडं, बुडालेली मजुरी आणि वर गाण्याचे, असं मिळून पाकीट बैठकीच्या आधीच हातात द्यायचं. ऐकायला येणारे प्रत्येकी दोनशे रुपये देतात, ज्यांना जमत नाही ते देत नाहीत, कमी पडलं तर आम्ही घालतो. आपल्याकडे लोककलावंताला शाल देताना हात सढळ असतो, पैसे देताना मात्र ‘ते काय पैशासाठी गातात?’ असं म्हटलं जातं. पैशासाठी गात नसतील, पण पोटाला तर लागतंच.

तीन महिन्यांनी बुवा पुन्हा आले, या वेळी बायकोला घेऊन. पुढच्या खोलीत भजन रंगलं होतं आणि मावशी आत स्वयंपाकघरात माझ्या सासूबाईंसोबत खिचडीचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी पाणी न्यायला आत गेले, तर मावशी निवडता निवडता काहीतरी म्हणत होत्या. जाड, खालच्या पट्टीतला आवाज, ओळीचा शेवट गिळून टाकणारा. दर ओळीच्या मध्ये त्या एका ठरावीक जागी थांबत. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, जात्याचा एक फेरा जिथे पुरा व्हावा तिथे त्या श्वास घेत होत्या. समोर जातं नव्हतं, ताट होतं. फेरा अंगात राहिला होता.

मी म्हटलं, ‘मावशी, बाहेर येऊन म्हणा ना.’ त्या लाजल्या. ‘मले कुठं येते गाणं? हे तं दळणाचं हाय.’

दिवाळीला न्यायला न आलेल्या भावाची ती ओवी होती. अम्मींना मराठी बेताचंच समजतं, पण भाऊ आणि माहेर समजायला भाषा फार लागत नाही. अम्मींनी पिठाचा डबा पालथा घातला, त्यावर बोटांनी ठेका धरला आणि बिदाईचं एक गाणं सुरू केलं. आमच्या लग्नानंतर मी त्यांना गाताना ऐकलं नव्हतं. मग एक ओवी मावशींची, एक गाणं अम्मींचं. बाहेर बसलेल्या बाया एकेक करून आत आल्या. शेवटी पुढच्या खोलीत बुवा आणि पुरुष मंडळीच उरली. आजवर आमच्या घरी जे जे गायले, त्यांत माझी सगळ्यात आवडती गायिका म्हणजे या मावशी, ज्यांना बोलावणंच नव्हतं.

नंतर शोधलं तेव्हा कळलं, ही दोन गाणी काही पहिल्यांदाच शेजारी बसली नव्हती. बिजापूरच्या सूफींनी दखनी भाषेत चक्कीनामे आणि चरखानामे लिहिले होते, म्हणजे दळताना आणि सूत कातताना बायांनी म्हणायची गाणी. रिचर्ड ईटन यांच्या बिजापूरच्या सूफींवरील अभ्यासात त्यावर सविस्तर वाचायला मिळतं. मराठी ओव्या तर हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं यांनी पुण्यातून काम करत गावोगावच्या बायांकडून लाखाहून अधिक गोळा केल्या. चक्की आणि जातं, दगड एकच. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, पण हे दोन धडे मला कधी एकत्र शिकवता आले नव्हते. ते स्वयंपाकघरात शिकायला मिळाले.

आता थोडं कडू बोलते. राज्य सरकार वृद्ध कलावंतांना दरमहा मानधन देतं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यासाठी कलेतल्या योगदानाचे पुरावे जोडावे लागतात. मावशींनी कोणता पुरावा जोडायचा? पहाटे चारला जात्यावर बसलेल्या बाईला कोण प्रमाणपत्र देतं? मंचाने त्यांना कलावंत मानलं नाही, घरच्यांनी मानलं नाही, त्यांनी स्वतःही मानलं नाही. पहिल्यांदा पाकीट दिलं तेव्हा त्या ते बुवांकडे देऊ लागल्या. आता त्यांचं पाकीट वेगळं असतं आणि ते त्यांच्याच हातात द्यायचं, हा आमच्या घरचा नियम आहे. बुवांचीही त्याला हरकत नाही.

राहता राहिला तो प्रश्न, जो लोक थेट विचारत नाहीत. मुसलमानाच्या घरी भजन? भीमगीत? नागपुरात आता एका वस्तीतली माणसं दुसऱ्या वस्तीत कामापुरती जातात. मोमिनपुऱ्यात खायला येतात, पण कोणाच्या घरी बसायला येत नाहीत. आम्हीही इंदोऱ्यात कोणाच्या घरी जात नव्हतो. ‘दुय्यम कव्वाली’ची पोस्टरं नेहमी रस्त्यावर बघितली होती. पण बुद्ध-भीमगीतांच्या सामन्यात आमच्याच कव्वालीचा साज किती तयारीने वापरतात, हे घरी बसून ऐकेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. या शहराला हे नवं नाही. कामठीत 1861 साली जन्मलेल्या ताजुद्दीन बाबांना राजे रघुजीराव भोसल्यांनी पागलखान्यातून आणून शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात ठेवलं. 17 ऑगस्ट 1925 ला बाबांचं निधन झालं, त्याला आता शंभर वर्षं होऊन गेली. एका हिंदू राजाने एका मुसलमान फकिराला घरात जागा दिली, ही गोष्ट आपण उर्सात अभिमानाने सांगतो. पण आपल्या दिवाणखान्यात मात्र आपल्यासारखीच माणसं बसवतो.

घरच्या बैठकीने द्वेष संपतो, असा माझा दावा नाही. आमच्याच गल्लीतलं एक कुटुंब तीन वर्षांत एकदाही आलेलं नाही. एका शाहिरांनी आधी होकार दिला, मग पत्ता ऐकून ‘त्या दिवशी दुसरा कार्यक्रम आहे’ म्हणाले. मी कारण विचारलं नाही. पण जे आले त्यांनी आमच्या घरातलं पाणी प्यायलं, अम्मींची तब्येत विचारली, मुलांच्या परीक्षेची चौकशी केली. मंचावरचा कलाकार हे विचारत नाही आणि प्रेक्षकही त्याला विचारत नाही. पाहुणा झाला की दोघांनाही विचारावंच लागतं.

तेव्हा वाचकांना माझी विनंती आहे. मोठं काही करू नका. एक खोली मोकळी करा, वीस माणसांना सांगा, दहाच्या आत उठा म्हणजे शेजाऱ्यांचीही तक्रार राहत नाही. पैसे आधी द्या, रीत आधी विचारा. आणि गाणारा सोबत कोणाला घेऊन आला असेल तर त्या माणसालाही विचारा, तुम्हाला काय येतं? तो ‘काही नाही’ म्हणेल. तरी थोडा वेळ त्याच्याजवळ बसा.

पुढची बैठक कोजागिरीच्या आधीच्या शनिवारी आहे. मावशी भुलाबाईची गाणी म्हणणार आहेत. अम्मींनी खालांच्या घरातून जुनी ढोलक आणवली आहे आणि तिची दोरी ताणून घ्यायला मला दोनदा बजावून झालं आहे.