टॉन्सिलचे ऑपरेशन अर्ध्या तासाचे, दुखणे दोन आठवड्यांचे

मोठ्या माणसाचे टॉन्सिल काढायचे ठरले की घरात पहिला प्रश्न निघतो, "खर्च किती?" दुसरा, "लेझरने करतात का?" "पुढचे दोन आठवडे घर कसे चालणार?" हा तिसरा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. हातावर पोट असलेल्या घरात तो सगळ्यात आधी विचारायला हवा.

मिरज हे दवाखान्यांचे गाव. डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिशन हॉस्पिटल १८९४ सालचे. पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, खासगी दवाखाने तर गल्लोगल्ली झाले. जत, कवठेमहांकाळपासून कर्नाटकातल्या अथणीपर्यंतचे पेशंट इथे येतात. म्हणजे ऑपरेशन कुठे करायचे ही अडचण नाही. खरी अडचण डिस्चार्ज मिळून घरी गेल्यावर सुरू होते.

आधी पद्धतींचे बघू. ऑपरेशन पूर्ण भूल देऊन तोंडातूनच करतात, बाहेर टाका नसतो. जुन्या पद्धतीत साध्या स्टीलच्या हत्यारांनी टॉन्सिल सोडवून काढतात. कॉटरीत विजेच्या उष्णतेने कापतात, त्यामुळे टेबलावर रक्त कमी जाते. कोब्लेशनमध्ये मिठाच्या पाण्यातून रेडिओ लहरी सोडतात, त्यात उष्णता कॉटरीपेक्षा कमी असते. लेझरही वापरतात. इंग्लंड व उत्तर आयर्लंडमध्ये २००३-०४ साली ३३ हजारांहून जास्त ऑपरेशनांची नोंद ठेवली गेली. त्यात जुन्या पद्धतीपेक्षा उष्णतेच्या पद्धतींमध्ये घरी गेल्यावर होणारा रक्तस्राव जास्त आढळला. पद्धत कोणतीही असो, घशात दोन्ही बाजूंना उघडी जखम राहतेच. डॉक्टरांचा हात ज्या पद्धतीवर बसला आहे ती त्यांना निवडू द्या. मशीनच्या नावापायी बचत गटाचे कर्ज काढू नका.

आता दुखण्याचे. हाताची जखम बांधून ठेवता येते, घशाची नाही. प्रत्येक घोटाला ती हलते. मोठ्या माणसांना लहान मुलांपेक्षा जास्त दिवस दुखते. पहिल्या दोन दिवसांत बरे वाटते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणे वाढते, तेव्हा माणूस घाबरतो. कान ठणकतो, पण कानाला काही झालेले नसते. घशाची आणि कानाची नस एकच आहे. घशात पांढरा-पिवळा थर दिसतो. तो पू नव्हे, जखमेवरची खपली आहे. तोंडाला वासही येतो. हे सगळे अपेक्षित असते.

दुखायला लागल्यावर गोळी घेऊ नका, डॉक्टरांनी दिलेली गोळी घड्याळ लावून घ्या. जेवणाआधी अर्धा तास घेतली तर घास उतरतो. ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नका, त्याने रक्त वाहते. दुखते म्हणून पाणी बंद केले तर घसा कोरडा पडून दुखणे दुप्पट होते. घोट घोट पाणी, पेज, मऊ भात, गार दूध चालते. तिखट, आंबट, कडक भाकरी आणि गरम चहा नको. मिश्री, तंबाखू, विडी तर अजिबात नको.

पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान खपली सुटते आणि धोका याच वेळी असतो. थुंकीतून ताजे लाल रक्त आले तर बसून पुढे वाका, रक्त गिळू नका, थुंका आणि लगेच दवाखाना गाठा. रात्र आहे म्हणून थांबू नका. जत-अथणीकडच्यांनी हे दिवस मिरज-सांगलीत नातेवाइकांकडे काढावेत, नाहीतर गाडी कोणाची हे आधीच ठरवून ठेवावे.

मग ऑपरेशन करूच नये का? तसे नाही. वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे पाच-पाच वेळा, किंवा तीन वर्षे तीन-तीन वेळा काम बंद पाडणारे टॉन्सिल सुजत असतील तर विचार जरूर करावा. २०२३ साली ब्रिटनमध्ये ४५३ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन वर्षांत ऑपरेशन झालेल्यांचा घसा साधारण २३ दिवस दुखला, न झालेल्यांचा ३० दिवस. फायदा आहे, पण ऑपरेशन झालेल्यांपैकी पाचात जवळपास एकाला रक्तस्रावही झाला. मात्र एकाच बाजूचा टॉन्सिल वाढला असेल, किंवा मानेत गाठ असून तीन आठवड्यांत जात नसेल, तर हा हिशेब बाजूला ठेवून लगेच तपासून घ्या. तंबाखू खाणाऱ्यांनी तर नक्कीच.

राहिला रजेचा प्रश्न. बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला घेतली गेली, त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. एमआयडीसीत ज्यांचा हा हप्ता कापला जातो, त्यांना अटी पूर्ण असल्यास आजारपणात पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. तो हक्क आहे, मागून घ्या. पण हळदीच्या पेठेतला हमाल, चार घरची धुणीभांडी करणारी ताई, ठेक्यावरचा सफाई कामगार यांना यातले काहीच बहुधा मिळत नाही. ते पाचव्या-सहाव्या दिवशी कामावर जातात, पोती उचलतात, धुळीत उभे राहतात, नेमके खपली सुटण्याच्या दिवसांत. याला पेशंटचा निष्काळजीपणा म्हणणे मला मान्य नाही. मजुरी बुडाली की चूल बंद, हे त्यामागचे कारण आहे.

म्हणून दवाखान्यांकडे माझी मागणी आहे. डिस्चार्जच्या वेळी मराठीत आणि कन्नडमध्ये एक कागद द्या. त्यावर धोक्याचे दिवस तारखा घालून लिहा, रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा ते लिहा. दोन आठवड्यांचा दाखला न मागता द्या. ठेकेदारांनी तो मानावा, यासाठी संघटनांनी मागे लागावे. वस्तीतल्या महिला मंडळांनी अशा घरी दोन आठवडे डबा आणि पाणी भरण्याची पाळी लावावी.

आणि तुम्ही संमतीच्या कागदावर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा : ऑपरेशन खरेच लागते का, दुखण्याच्या गोळ्या किती दिवसांच्या देणार, आणि आठव्या दिवशी रात्री रक्त आले तर कोण बघणार? तिसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.