प्रोटॉन केवढा?

परवा भाचीने विचारलं, "मामा, प्रोटॉन केवढा असतो?" पुस्तकात नुसता ठिपका!

मला हॉफस्टॅटर आठवले. १९५० च्या दशकात स्टॅनफर्डला त्यांनी हायड्रोजनवर वेगवान इलेक्ट्रॉन सोडले. प्रोटॉन बिंदू असता तर मोठ्या कोनांत जितके वळायला हवे होते, त्याहून कमीच वळले. म्हणजे प्रोटॉनला आकारमान आहे. १९६१ चं अर्धं नोबेल त्यांना मिळालं.

मग २०१० मध्ये स्वित्झर्लंडला इलेक्ट्रॉनऐवजी म्युऑन घेऊन मोजलं, तर त्रिज्या तेव्हा मान्य असलेल्या आकड्यापेक्षा चार टक्के कमी! २०१९ मध्ये जेफरसन लॅबने पुन्हा इलेक्ट्रॉन सोडले. तेही कमीच्याच बाजूने.

"एवढ्यासाठी एवढा खर्च?" असं आमचे काका म्हणतात. मला नाही पटत. पुस्तकात हे भांडणच छापायला हवं.

भाचीला म्हटलं, "साधारण ०.८४ फेम्टोमीटर. पेन्सिलीनेच लिही."