दिवा बदलण्याआधी गळती शोधा

जयपूरला वर्षभरात ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रत्नागिरीला एकट्या जुलैत याहून जास्त कोसळतो. त्यामुळे मागच्या दिव्यात पाणी शिरून वायरिंग बिघडणे ही कोकणातली, फार तर मुंबई-ठाण्याची तक्रार, असा आपल्या व्यवसायात सर्रास समज आहे. सोडाल्याच्या गॅरेजांतून एक फेरी मारली की हा समज टिकत नाही. अजमेर रोडला न्यू सांगानेर रोड फुटतो तो जयपूरचा हा भाग. मुंबईहून दिल्लीकडे जाणारा महामार्ग याच शहरावरून जातो, त्यामुळे एमएच पाटीच्या गाड्याही तिथे दुरुस्तीला लागलेल्या दिसतात. आणि पावसानंतरच्या दिवसांत तिथल्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या बाकावर जे टेल लॅम्प उघडे पडलेले असतात, ते आपल्याकडच्यासारखेच असतात: तळाला पाणी, हिरवे पडलेले टर्मिनल, काळवंडलेले होल्डर.

कारण सरळ आहे. दिव्याचे सील पाऊस पडतो तेव्हा खराब होत नाही. ते उन्हाळ्यात खराब होते, पावसात फक्त उघडे पडते. मे महिन्यात जयपूरचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. दिवा आणि बॉडी यांच्यामध्ये जे फोमचे गॅस्केट असते ते अशा चार-पाच उन्हाळ्यांत चपटे होते आणि त्याची उसळी जाते. त्यात आंधीची धूळ, पिठासारखी बारीक, फटीत जाऊन बसते. मग जुलैचा पहिला जोरदार पाऊस आला की पाण्याला वाट तयारच असते. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. चंद्रपूर-नागपूरचा उन्हाळा काही कमी नाही.

सोडाल्यात पाहिलेली एक गाडी इथे सविस्तर सांगतो, कारण तिच्यात या विषयातले जवळजवळ सगळे आले. मालक जयपूरलाच स्थायिक झालेले मराठी गृहस्थ. तक्रार अशी की ब्रेक दाबला की डाव्या बाजूचा इंडिकेटर मंद पेटतो आणि पार्किंग लाइट लावून ब्रेक दाबला तर दोन्ही एकदम फिके होतात. आधीच्या दोन ठिकाणी बल्ब बदलून झाले होते, मग डावा टेल लॅम्प अख्खा नवा बसवला होता. पावसाळ्यात तक्रार पुन्हा हजर. सोडाल्यातल्या कारागिराने दिवा काढल्यावर आधी बल्बकडे पाहिलेच नाही. त्याने दिवा जिथे बसतो त्या पत्र्यावरून बोट फिरवले. खालच्या कोपऱ्यात पत्रा किंचित आत गेलेला होता आणि त्यावर पुटी भरून रंग मारलेला होता. ‘‘साब, ये गाड़ी पीछे से ठुकी है,’’ एवढेच तो म्हणाला. मालकांनी मान डोलावली.

मग त्याने डिकीतले अस्तर सोडवले, आतला पत्रा फडक्याने कोरडा केला, त्यावर खडूची भुकटी शिंपडली आणि दिवा पुन्हा बसवून मदतनिसाला वरून बाटलीने बारीक धार सोडायला सांगितली. पाइप नाही, प्रेशर नाही, नुसती बाटली. दोन-तीन मिनिटांत भुकटीवर एक ओली रेघ उमटली. ती खालच्या कोपऱ्यातून निघाली, कपलरच्या मागून गेली आणि स्टेपनीच्या खड्ड्यात उतरली. गॅस्केट जिथे पत्र्याला टेकतच नव्हते, नेमकी तिथून. कपलर सोडवला तर अर्थची पिन हिरवी आणि तिच्याभोवती पांढरा थर. तो थर क्षारांचा. जयपूरच्या बहुतेक वॉशिंग सेंटरवर बोअरचे जड पाणी वापरतात, आणि ते पाणी सुकले तरी क्षार मागे ठेवते. पुढच्या वेळी नुसती दमट हवा लागली तरी त्या थरातून करंट वाहू लागतो. पार्किंगच्या पिनवर रात्रभर १२ व्होल्ट असले की ती पिन अक्षरशः विरघळत जाते.

आता अर्थची एक पिन खराब झाल्याने एवढा गोंधळ का व्हावा? हे गिऱ्हाइकाला समजावता आले तर तपासणीचे पैसे मागताना आपल्याला संकोच वाटणार नाही. २१ वॅटचा ब्रेकचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे पावणेदोन अँपिअर घेतो. म्हणजे पेटलेल्या फिलामेंटचा रोध ७ ओहमच्या जवळपास. अर्थच्या जोडात गंजामुळे फक्त १ ओहम वाढला तर दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतो आणि बल्बला साडेदहा मिळतो. व्होल्टेज घटते त्याच्या कितीतरी पट वेगाने बल्बचा प्रकाश घटतो, म्हणून साडेदहा व्होल्टवर ब्रेकलाइट एक तृतीयांशाहून अधिक फिका होतो. मल्टिमीटर ओहमवर लावून, करंट बंद असताना मोजले तर अशी खराब पिन बरेचदा ठीक दाखवते. ब्रेक दाबून, दिवे चालू ठेवून, होल्डरच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज ड्रॉप मोजा. तो ०.२ व्होल्टच्या वर गेला तर बल्बला हात लावू नका, अर्थ शोधा. आणि अर्थ अडला की करंट दुसरी वाट काढतो. एकाच होल्डरपट्टीवरच्या शेजारच्या बल्बांतून, उलट्या दिशेने. म्हणून ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटतो.

नव्या गाड्यांत हा प्रकार दिव्यापुरता राहत नाही. ब्रेकलाइटचा फ्यूज शॉर्टमुळे गेला तर अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत गिअर ‘पी’मधून बाहेरच येत नाही, कारण ब्रेक दाबल्याचा निरोप त्याच सर्किटमधून जातो. गिऱ्हाईक गिअरबॉक्स गेला म्हणून गाडी टो करून आणते, आणि मूळ असते मागच्या दिव्यात साचलेल्या पाण्यात. स्टेपनीच्या खड्ड्यात किंवा डिकीच्या कडेला ज्या गाड्यांत कंट्रोल मॉड्यूल बसवलेले आहेत, तिथे तर दिव्याच्या गॅस्केटमधून आलेले पाणी थेट मॉड्यूलपर्यंत पोहोचते.

हे फक्त स्वस्त गाड्यांत होते असेही नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत ह्युंदाई पॅलिसेड आणि किआ टेल्युराइड या मोठ्या एसयूव्ही मिळून सुमारे २ लाख ८१ हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या. ट्रेलर जोडण्यासाठी मागे बसवल्या जाणाऱ्या वायरिंगच्या मॉड्यूलमध्ये धूळ आणि ओलावा साचून सर्किट बोर्डवर शॉर्ट होण्याचा धोका होता, तोही गाडी बंद असताना. दुरुस्ती होईपर्यंत गाडी घरापासून दूर, उघड्यावर उभी करा, असे मालकांना सांगावे लागले. बॅटरीचा कायमचा सप्लाय जिथे आहे तिथे पाणी शिरले तर किल्ली काढल्याने काम भागत नाही, हा यातला आपल्या कामाचा भाग.

पुरात बुडालेल्या गाडीबाबत आपण सावध असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले, १४ ऑगस्ट २०२० ला जयपूरमध्ये गाड्या वाहून गेल्या आणि काही वस्त्यांत गाळात रुतल्या. अशा गाडीचे अस्तर, कार्पेट, कपलर सगळे उघडून सुकवायचे हे आता शिकाऊ पोरालाही ठाऊक आहे. दिव्यातून वाटीभर शिरलेल्या पाण्याकडे मात्र ‘काच ओली झालीये, सुकेल’ म्हणून पाहिले जाते. त्या वाटीभर पाण्याने होणारे नुकसान हळूहळू होते, म्हणूनच ते कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

सगळा ओलावा मात्र गळती नसतो, हेही नीट सांगितले पाहिजे. काचेच्या आत धुक्यासारखा पातळ थर आला आणि दिवे लावून अर्धा तास गाडी चालवल्यावर गेला, तर ते नुसते दव. दिव्याला श्वास घ्यायला ब्रीदर दिलेला असतो, त्यातून आलेल्या दमट हवेचे. थेंब ओघळत असतील, तळाला पाणी डुचमळत असेल, तर ती गळती. आणि इथेच आपल्याकडे सर्वांत जास्त नुकसान होते ते उपायांनी. धुके दिसले की ब्रीदरवर सिलिकॉन फासतात. दिवा पेटल्यावर आतली हवा तापून फुगते. मग पाऊस लागून दिवा एकदम गार झाला की ती आकसते. ब्रीदर बंद असेल तर ही ओढ जिथे कुठे कमकुवत जोड आहे तिथून पाणी आत खेचते. म्हणजे ब्रीदर बुजवणारा गळती थांबवत नाही, गळती बोलावतो.

दुसरा उपाय तळाला ड्रिलने भोक पाडण्याचा. काही जुन्या बल्बच्या दिव्यांना कंपनीचीच निचऱ्याची छिद्रे असतात, ती साफ ठेवावीत. पण बंद एलईडी दिव्याला भोक पाडले की धूळ आणि प्रेशर वॉशरचे पाणी बोर्डवर थेट जाते. तिसरा, हार्डवेअरच्या दुकानातले मिळेल ते सिलिकॉन कपलरच्या आसपास भरणे. उघडताना व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ते सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडते आणि तांब्याला खाते. वायर आणि टर्मिनलजवळ भरायचेच असेल तर न्यूट्रल क्युअर सिलिकॉन वापरा. दिवा हीटगनने उघडायच्या आधी तो चिकटवलेला आहे की वेल्ड केलेला, हे पाहा. मागच्या दिव्यांची ॲक्रिलिकची काच बहुधा वेल्ड केलेली असते, आणि ती उष्णतेने सुटत नाही, वाकते किंवा तडकते.

वॉशिंग सेंटरवाल्यांनाही हे कळवायला हवे. दिव्यावर आयपी ६७ लिहिलेले असले तरी पाण्याबाबत त्याचा अर्थ मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरणे एवढाच आहे. उच्च दाबाच्या फवाऱ्यासाठी आयपी ६९के ही वेगळी चाचणी असते. नोझल दिव्याच्या कडेला टेकवून मारलेल्या फवाऱ्याची हमी कोणताही आयपी ६७ दिवा देत नाही.

पण आमच्या मते मूळ दुखणे डेंटिंगच्या टेबलावर आहे. मागून ठोकलेली गाडी बाहेरून गुळगुळीत झाली की काम संपले असे धरले जाते. दिवा टेकतो ती कड सरळ आहे का, हे रंगाच्या आधी तपासले जात नाही आणि जुनेच चपटे गॅस्केट परत लावले जाते. सोडाल्यातल्या त्या गाडीवर नवा दिवा बसवूनही गळती राहिली ती याचमुळे. नवा दिवा वाकड्या पत्र्यावर बसला होता. डेंटरने, पेंटरने आणि इलेक्ट्रिशियनने एकमेकांशी बोलल्याशिवाय ही तक्रार कधीच मिटणार नाही. पाण्याची धार मारून दिवा तपासल्याशिवाय मागून ठोकलेली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नये.

कंपन्यांकडेही आमचे एक मागणे आहे. दिव्याचे गॅस्केट आणि ब्रीदर सुटे मिळाले पाहिजेत. बऱ्याच मॉडेलांत ते स्वतंत्र पार्ट म्हणून मिळत नाहीत, म्हणून थोडक्या पैशांच्या फोमसाठी हजारोंचा दिवा बदलावा लागतो, नाहीतर कारागीर बाजारातला फोम कापून चिकटवतो. चाकण-पुण्याच्या पट्ट्यात वाहनांचे दिवे बनवणारे कारखाने आहेत आणि त्यांतले काही अभियंते हे मासिक वाचतात. त्यांनी हा विषय आपल्या स्पेअर पार्ट विभागाकडे न्यावा.

तोपर्यंत एवढे आपण करू शकतो. ज्या मॉडेलांचे मागच्या दिव्याचे गॅस्केट किंवा ब्रीदर तुम्हाला सुटे मिळाले असेल, त्यांचा पार्ट क्रमांक, मॉडेल आणि वर्ष कार्यालयाच्या पत्त्यावर कळवा. प्रत्येक क्रमांक पडताळून आम्ही ती यादी छापू, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आत ती तुमच्या गॅरेजच्या भिंतीवर असेल असे पाहू.